विहीर बांधण्यापूर्वी

परदेशात स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांचे पत्र मध्यंतरी आले. वडिलांच्या स्मरणार्थ नायजर देशातील तुआरेग या भटक्या पशुपालकांसाठी एक विंधन विहीर करून द्यावी, असे त्यांच्या मनात आहे. एका धर्मादाय संस्थेने त्यांना खर्चाचा अंदाज, नकाशा आणि नामफलकाचा नमुनाही पाठविला आहे. "तुम्ही सारी हयात प्रशासनात घालविलीत, तेव्हा सल्ला द्या," असे त्यांनी लिहिले. मी कळविले की एका प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पैसे पाठवू नका. त्या विहिरीचे पाणी कुणाचे असणार, हा तो प्रश्न. त्यांना हे रुचले नाही. तहानलेल्याला पाणी पाजतानाही मालकीची चौकशी करणे हा सरकारी खाक्या झाला, असे त्यांना वाटले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तुआरेग हा स्वतःची भाषा आणि तिफिनाघ ही प्राचीन लिपी असलेला समाज नायजर, माली, अल्जीरिया, लिबिया आणि बुर्किना फासो या देशांत विखुरलेला आहे. सहाराच्या दक्षिण काठावरील साहेल प्रदेशात पाऊस जेमतेम जुलै ते सप्टेंबर पडतो आणि तोही सर्वत्र सारखा नाही. या वर्षी जेथे गवत उगवले तेथे पुढच्या वर्षी उगवेलच असे नाही. अशा मुलखात उंट, शेळ्या, मेंढ्या आणि गुरे जगवायची तर गवताच्या मागे चालत राहणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. पावसाळ्यात कळप उत्तरेकडे, इन-गालच्या आसपासच्या खारट कुरणांकडे जातात. पाणवठे आटले की दक्षिणेकडे सरकतात, आणि बाजरीची कापणी झालेल्या शेतात जनावरे बसवून शेतकऱ्याला खत देतात. आपले धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, तसाच हा व्यवहार. त्याला भटकणे म्हणणे हा आपल्या भाषेचा अन्याय आहे.

आता पाण्याविषयी. तुआरेगांची पारंपरिक विहीर हाताने खणलेली असते. चामड्याच्या पिशवीने, दोर ओढणाऱ्या गाढवाच्या किंवा उंटाच्या बळावर पाणी काढले जाते. आपल्याकडची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. अशा विहिरीतून दिवसाला ठरावीकच पाणी निघते, आणि ती खणणाऱ्या कुटुंबाची किंवा टोळीची असते. परक्याने येऊन विचारायचे, मालकाने सहसा नाही म्हणायचे नाही. परंतु किती जनावरे आणि किती दिवस, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा. म्हणजेच विहिरीचा दोर हाच त्या कुरणाचा पहारेकरी होता.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरकारांनी आणि देणगीदार देशांनी तेथे यंत्राने चालणाऱ्या खोल विंधन विहिरी घेतल्या. पाणी मुबलक, सर्वांना खुले आणि कुणाच्याच मालकीचे नाही. हेतू निःसंशय चांगला होता. पण १९६८ ते १९७४ या काळातील दुष्काळात चहूबाजूंनी कळप या विहिरींभोवती गोळा झाले. काही कोसांपर्यंतचे गवत संपले, माती उघडी पडली, आणि भरल्या पाण्याच्या काठावर जनावरे मेली. ती तहानेने मेली नाहीत, भुकेने मेली. कळप गमावलेली कुटुंबे शहरांजवळच्या छावण्यांत धान्याच्या रांगेत उभी राहिली. १९८४-८५ मध्ये पुन्हा तेच झाले.

हे मी परक्या देशाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. एका दुष्काळी वर्षी मी स्वतः एका गावाच्या गायरानात विंधन विहीर मंजूर केली होती. मेंढपाळांचा तो वर्षानुवर्षांचा तळ होता आणि त्यांचीच सोय व्हावी, असे मी टिपणीत लिहिले होते. पाणी चांगले लागले. वर्षभरात त्या पाण्यावर गायरानात अतिक्रमणाची शेती उभी राहिली, आणि पुढच्या हंगामात मेंढपाळ आले तेव्हा त्यांना काटेरी कुंपण दिसले. त्यांच्यातील एक म्हातारी कार्यालयात येऊन म्हणाली, "साहेब, पाणी नव्हतं तेव्हा जागा आमची होती." माझ्या प्रगती अहवालात मात्र ते काम 'पूर्ण' या रकान्यात होते. तो रकाना खोटा नव्हता, आणि हीच खरी अडचण आहे.

धर्मादाय संस्थांचे दुखणे आमच्यासारखेच आहे. त्यांना एका जागी उभी राहणारी वस्तू हवी असते. विहीर, शाळेची इमारत, दवाखान्याची खोली यांचे छायाचित्र निघते, त्यावर फलक लागतो, आणि पुढच्या वर्षी देणगीदाराला ती दाखविता येते. मोकळ्या ठेवलेल्या वाटेचे छायाचित्र निघत नाही. परिणामी, चालण्यावर जगणाऱ्या माणसाला आपण मदतीच्या नावाखाली थांबवीत राहतो.

नायजरच्या कायद्याला हे उमगलेले आहे, हे विशेष. १९६१ च्या कायद्याने शेतीची उत्तर मर्यादा आखून त्यापलीकडचा प्रदेश पशुपालनासाठी राखला. १९९३ च्या ग्रामीण संहितेने पशुपालकांच्या मुक्कामाच्या टापूवर त्यांचा प्राधान्यहक्क मानला, आणि २०१० च्या पशुपालन अध्यादेशाने फिरण्याला त्यांचा मूलभूत हक्क म्हटले. तरीही शेती त्या मर्यादेच्या उत्तरेस सरकतच गेली. कायदा कागदावर असतो, विहीर जमिनीवर असते. जो देणगीदार कायदा न वाचता विहीर घेतो, तो नकळत कुणाच्या तरी हक्कावर पाणी सोडतो.

मग मदत करूच नये काय? अवश्य करावी. दुष्काळ पडला की सगळेच जनावरे विकायला काढतात. जनावराचा भाव कोसळतो आणि बाजरीचा चढतो. कुटुंब उद्ध्वस्त होते ते या दोन भावांच्या कात्रीत. कापणीनंतर स्वस्तात घेतलेली बाजरी साठवून टंचाईच्या महिन्यांत रास्त भावाने देणारे कोठार, वेळेवर मिळणारा कोंडा आणि पेंड, कळपाबरोबर हिंडणारा लस टोचणारा माणूस, ही मदत कळप वाचविते. कळप गेलाच असेल तर दुभते जनावर उसने देण्याची रीत त्या समाजांत आहेच. तिच्याच आधाराने कुटुंब पुन्हा उभे करता येते. विहीरही घ्यावी, पण पाण्याचा अधिकार आणि जनावरांची मर्यादा आधी ठरवून.

येथे एक आक्षेप रास्त आहे. जुनी मालकी म्हणजे जुनी विषमताही. तुआरेग समाजात सरदार होते तसे गुलामही होते, आणि नायजरमध्ये गुलामगिरी दंडनीय गुन्हा ठरली ती २००३ साली. तेव्हा टोळीच्या प्रमुखाशी करार केला की काम संपले, असे नव्हे. त्याच टोळीतील गुलामांच्या वंशजांना दोराला हात लावता येतो का, हेही विचारलेच पाहिजे. शाळेचेही तसेच. मुलांनी शिकावे असे तुआरेग आईबापांनाही वाटते; परंतु शाळेसाठी कळप सोडावा लागू नये, ही जबाबदारी शाळा काढणाऱ्याची आहे.

आपल्याकडे वनहक्क कायद्याने २००६ साली भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. पण शासकीय अर्जातला पहिला रकाना अजूनही 'कायमचा पत्ता' हाच असतो. तेव्हा साहेलमधील चुकांकडे परक्याच्या चुका म्हणून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.

धनगर घराण्यातील अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या चालणाऱ्या यात्रेकरूंसाठी. वाटसरूने पाणी प्यावे आणि पुढे जावे, हा त्यामागचा धर्म होता. स्नेह्यांना मी पुन्हा तेवढेच लिहिले आहे. संस्थेने प्रश्नाचे लेखी उत्तर दिले तर वडिलांच्या नावाने जरूर विहीर घ्या. न दिले तर तेच पैसे बाजरीच्या कोठाराला द्या, आणि फलकाचा आग्रह सोडा.