शुल्क वाढले, तपासणीचे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये केले. मार्च २०२२ पर्यंत याच कामास ३०० रुपये पडत असत. १ एप्रिल २०२२ पासून ते १,००० झाले होते. लोकांनी जुनी वाहने बाळगू नयेत, हा या वाढीचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. हेतूबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु शुल्क वाढल्याने झिजलेला ब्रेक लागू लागत नाही, एवढी साधी गोष्ट धोरणकर्त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

जुनी मोटारसायकल कोण चालवतो, हे हिंगोली जिल्ह्यात पाहावे. म्हैसूरच्या कारखान्यातील येझदी आणि यामाहाची आरएक्स-१०० यांचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. राजदूतही केव्हाच बंद झाली. शहरांतील हौशी मंडळी या गाड्यांना आता ‘क्लासिक’ म्हणतात आणि रविवारी फडक्याने पुसून बाहेर काढतात. सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा तालुक्यांतील खेड्यांत मात्र जुनी गाडी म्हणजे दुधाची कॅन, खताची गोणी आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याची सोय. नोव्हेंबर २०२१ पासून एस. टी. कामगारांचा संप काही महिने चालला, तेव्हा खेड्यांची वाहतूक मुख्यतः अशाच वाहनांनी चालू ठेवली. तिचा मालक नवी गाडी घेत नाही, तो जुनीच्या प्रेमापोटी नव्हे. नवीचे हप्ते त्याच्या आवाक्याबाहेर आहेत म्हणून.

हौस आणि उपजीविका यांतील हा भेद सरकारला कळत नाही, असे नाही. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा मिळाला. २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि असे वाहन प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते. हौसेसाठी स्वतंत्र नियम झाला, हे ठीकच. पोटासाठी रोज चालणाऱ्या तीस वर्षांच्या गाडीसाठी मात्र वाढीव शुल्काखेरीज काहीही सुचले नाही.

आता तपासणी म्हणजे काय, ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा द्यावा लागतो. ठशाने गाडीची ओळख पटते. तिचा ब्रेक किती अंतरात लागतो, हे ठशाने कळत नाही. मधल्या पाच वर्षांत मालकाकडे मागितले जाते ते पीयूसी प्रमाणपत्र, आणि त्यात धूर मोजला जातो, तोही गाडी जागेवर उभी असताना. ब्रेक-शू, टायर, चेन, चाकाचे आरे, पुढचा दिवा यांच्याशी त्या कागदाचा संबंध नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसाठी शासनाने प्रत्येक जुन्या दुचाकीस ४५० रुपये अधिक कर भरावयास लावले. पाटीची एवढी चिंता वाहणाऱ्या शासनाने ब्रेकची चिंता वाहिल्याचे ऐकिवात नाही.

जेथे तपासणी सक्तीची आहे तेथील अनुभवही बोलका आहे. व्यावसायिक वाहनांच्या फिटनेस चाचणीसाठी २५० मीटरचा चाचणी-पथ हवा, या मागणीसाठी एका नागरिकाला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. न्यायालयाने आदेश दिले. आणि २०१८ मध्ये नियम डावलून प्रमाणपत्रे दिल्याबद्दल राज्य शासनाला ३७ अधिकाऱ्यांना निलंबित करावे लागले. दिल्लीत धुराच्या मर्यादा ओलांडूनही एक लाखाहून अधिक वाहनांना पीयूसी मिळाल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२५ मध्ये विधानसभेपुढे ठेवलेल्या अहवालात नमूद आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रमाणपत्र ही माहिती असते. माहिती खोटी असेल तर प्रमाणपत्र नसण्यापेक्षा ते असणे अधिक घातक, कारण त्याच्या भरवशावर माणूस बायको-मुलांना मागे बसवून निघतो. अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्ग आता हिंगोलीवरून जातो. भरधाव मालमोटारींच्या त्या रस्त्यावर जुना ड्रम ब्रेक आणि मिणमिणता दिवा घेऊन उतरणाऱ्याचा जीव त्या कागदाने वाचत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हे सारे नादुरुस्त वाहनांचे बळी नव्हेत; पण दुचाकीवरील माणूस किती उघडा आहे, हे त्यावरून दिसते.

ब्रिटनने मे २०१८ पासून मोठे फेरफार न झालेल्या चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. तिकडे अशी गाडी क्वचित चालते आणि जिवापाड जपली जाते. आपल्याकडे तीच गाडी रोज ओझे वाहते. म्हणून ब्रिटनचा निष्कर्ष आपल्याला उलटा लागू पडतो. फ्रान्सने मोटारसायकलस्वारांचा विरोध पत्करून एप्रिल २०२४ पासून दुचाकींची तपासणी सुरू केली.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी भूमिका स्पष्ट ठेवली पाहिजे. शुल्कमाफीसाठी मोर्चा काढणे सोपे आहे, आणि वाढ मागे घ्यावी ही मागणी रास्तच आहे. परंतु ‘गरिबाच्या गाडीची तपासणीच नको’ अशी घोषणा कोणी देऊ लागला तर त्याला तेथेच थांबवले पाहिजे. नादुरुस्त ब्रेकचा पहिला बळी गरीबच असतो. आपली मागणी खऱ्या तपासणीची हवी. शिकाऊ परवान्यांसाठी परिवहन खाते तालुक्याला शिबिरे घेते. तशीच ती तपासणीसाठी आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावीत. ब्रेक, टायर, दिवे आणि चेन यांचे निष्कर्ष लिहिलेली चिठ्ठी मालकाच्या हाती द्यावी. दोष निघाल्यास दुरुस्तीला मुदत मिळावी आणि फेरतपासणी विनाशुल्क व्हावी. आयटीआयमधील मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना या कामात मानधनावर घ्यावे. शुल्क तपासणीच्या खर्चाइतकेच असावे. त्याहून अधिक घेतले जाते तो दंड होय, आणि दारिद्र्य हा काही दंडनीय अपराध नव्हे.

शासन हे करीपर्यंत आपणही हात बांधून बसू नये. प्रत्येक तालुक्यात दोन चांगले मिस्त्री गाठून महिन्यातून एक दिवस पक्षाच्या कार्यालयासमोर गाड्या पाहण्याचे काम सुरू करता येईल. किती गाड्यांत कोणता दोष निघाला, याची वही ठेवावी. जिल्हाधिकाऱ्यांपुढे निवेदन घेऊन जाताना ती वही आपल्या हाती असावी.