मदतपुस्तिकेतलं स्पेलिंग कोणी सुधारायचं?

‘लोसेक’ आणि ‘लॅसिक्स’. पहिलं आम्लपित्तासाठीचं ओमेप्राझोल, दुसरं लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड. अमेरिकेत ही दोन नावं चिठ्ठीवर एकमेकांसारखी दिसू लागली आणि रुग्णाच्या हाती भलतंच औषध पडू लागलं. शेवटी १९९० मध्ये लोसेकचं तिथलं नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावं लागलं. आपल्याकडेही २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियम दुरुस्त करून औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. एका अक्षराने काय होऊ शकतं, हे वैद्यकशास्त्राला ठेचा खाऊन कळलेलं आहे.

आता चिठ्ठी हळूहळू कागदावरून संगणकावर चालली आहे. त्यातली बरीच सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना पाहता, वापरता आणि सुधारता येतो. ‘ओपनएमआरएस’ची सुरुवात २००४ च्या सुमारास केनियातल्या एल्डोरेट भागातल्या एचआयव्ही उपचारांच्या गरजेतून झाली. त्याच्याच पायावर उभं राहिलेलं ‘बाहमनी’ छत्तीसगडमधल्या गनियारी इथे, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात वापरात आलं. ऑस्लो विद्यापीठातून चालणारं ‘डीएचआयएस२’ कितीतरी देशांचे आरोग्य विभाग आकडेवारीसाठी वापरतात. या प्रत्येकासोबत मदतपुस्तिका असते. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, औषधांची यादी कशी भरायची, मात्रेचं एकक कुठे निवडायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. लिहिणारे बहुतेक प्रोग्रामर, अनेकदा मूळ काम संपल्यावर घाईत लिहिणारे, आणि अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यामुळे चुका राहतात. त्यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही.

दोष असलाच तर या चुका सुधारण्याच्या कामाकडे पाहण्याच्या नजरेत आहे. ‘नुसतं स्पेलिंग तर दुरुस्त केलंय’ असं म्हणून ते नवशिक्यांचं काम समजलं जातं. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र ‘स्पेलिंग’ याच नावाची एक फाइल आहे. नेहमी होणाऱ्या हजाराहून जास्त चुका आणि त्यांची बरोबर रूपं तिच्यात जोडीजोडीने लिहिलेली आहेत. नवा कोड पाठवण्याआधी तपासणारा प्रोग्राम त्या यादीशी शब्द ताडून पाहतो. जगातले निम्मेअधिक सर्व्हर ज्यांच्या खांद्यावर आहेत त्या मंडळींना हे काम क्षुल्लक वाटत नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

मदतपुस्तिका कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरला अडलं की तो शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकतो. तो शब्द बरोबर लिहितो आणि पुस्तिकेतल्या मथळ्यात नेमकं एक अक्षर गळालेलं असतं. मग उत्तर समोर असूनही सापडत नाही. तो अंदाजाने काहीतरी करतो, किंवा ‘सकाळी बघू’ म्हणून नोंद वहीत करून ठेवतो. पुस्तिकेतली उदाहरणं तर लोक जशीच्या तशी उचलून आपल्या यंत्रणेत चिकटवतात. आजाराचं किंवा तपासणीचं नाव उदाहरणात एका तऱ्हेने आणि प्रत्यक्ष यादीत दुसऱ्या तऱ्हेने असलं की एकाच आजाराच्या दोन नोंदी तयार होतात. महिन्याच्या अहवालात रुग्ण दोन ओळींत विभागले जातात आणि साथीची चाहूल देणारा आकडा दोन्हीकडे लहान दिसतो.

यातली सर्वांत धोकादायक चूक स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामला कधीच दिसत नाही. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर वापरतात. ‘सिम्बॉल’ नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये हे म्यू म्हणजे इंग्रजी ‘एम’च्या कळीवर बसवलेलं चित्र होतं. असा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नेताना फॉन्ट हरवला की म्यूचा एम होतो आणि मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम. म्हणजे थेट हजारपट. शब्द दिसायला अगदी शुद्ध! म्हणूनच औषधसुरक्षेचं काम करणाऱ्या संस्था म्यू टाळून ‘एमसीजी’ लिहा असं सांगतात. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ लिहू नका, कारण ते शून्यासारखं दिसतं आणि चारचे चाळीस होतात. एक मिलिग्रॅम लिहिताना एकनंतर दशांश चिन्ह आणि शून्य देऊ नका, कारण ठिपका पुसट झाला की दहा वाचलं जातं. हे नियम रुग्णाच्या केसपेपरला लागू आहेत, तसेच सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेतल्या उदाहरणालाही लागू व्हायला हवेत.

आणि इथेच डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट यांची गरज लागते. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन हे दोन्ही शब्द संगणकाच्या दृष्टीने बरोबर आहेत. ‘इलियम’ म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि ‘इलियम’ म्हणजेच कमरेचं हाड. इंग्रजीत फरक फक्त ‘ई’ आणि ‘आय’चा, देवनागरीत तोही उरत नाही. मराठी अनुवाद करायला बसलं की आपले ऱ्हस्व-दीर्घ आडवे येतात. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. सलाइन कुठे लावायची ते वेलांटीवर सोडून चालत नाही. कोणता शब्द तिथे असायला हवा होता हे फक्त ते काम रोज करणाऱ्यालाच कळतं, मग प्रोग्रामर कितीही हुशार असो.

मात्र समज नसताना केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडते. इंटरनेटवरच्या प्रत्येक ब्राउझरला माहीत असलेला ‘रेफरर’ हा शब्द त्याच्या प्रस्तावातच एक ‘आर’ कमी घेऊन आला, १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तसाच छापला गेला आणि आज तोच प्रमाण आहे. पुस्तिकेत तो कोणी ‘शुद्ध’ केला तर वाचणाऱ्याचा प्रोग्राम चालणार नाही. शिवाय हेतूही पाहावा लागतो. ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार योगदानांवर टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्यासाठी लोकांनी पुस्तिकांमध्ये उगाच एखादं विशेषण घालून दुरुस्त्यांचा असा पाऊस पाडला की सांभाळणारे हैराण झाले. ज्या प्रकल्पांना हवं असेल त्यांनीच सहभागी व्हावं, असा बदल आयोजकांना काही दिवसांतच करावा लागला. खरी चूक दाखवणाऱ्याकडेही त्यानंतर संशयाने पाहिलं गेलं, हे त्यातलं मोठं नुकसान.

आपल्याकडे चूक सापडत नाही असं नाही. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागे जाऊन पाहा, मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली एखादी चिठ्ठी दिसेल: ‘इथे स्पेस देऊ नये’, ‘पुस्तकात लिहिलंय ते बटण दाबू नये, खालचं दाबावं’. ही दुरुस्तीच आहे, आणि बहुधा अचूक. पण ती त्या एका खिडकीपुरती राहते. चिठ्ठी लावणाऱ्या बाईंची बदली झाली किंवा मॉनिटर बदलला की तीही जाते. ओपन सोर्सचा अर्थच असा, की ही चिठ्ठी मूळ पुस्तिकेत लावता येते आणि केनियातल्या नर्सलाही वाचायला मिळते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. पान कोणतं, काय छापलंय, काय हवं आणि का, एवढ्या चार ओळी पुरतात. ‘का’ची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण वाचणाऱ्याला वैद्यक येत नाही. कार्यशाळांची प्रमाणपत्रं मोजणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांना स्वीकारल्या गेलेल्या अशा दुरुस्त्याही मोजायला हरकत नसावी.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. चूक दाखवताना पडद्याचा फोटो जोडण्याचा मोह होतो, आणि तो सगळ्या जगाला दिसणाऱ्या जागी जातो. त्यात रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक किंवा तपासणीचा निकाल असता कामा नये. फोटो काढायचाच असेल तर चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या रुग्णाच्या नोंदीचा काढावा, नाहीतर चूक शब्दांत लिहून कळवावी.