तीन ओळी स्वतःच्या

‘कोसला वाचलीस का?’ कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका सीनिअरने विचारलं आणि मी ‘हो, भारी आहे’ म्हणून मोकळी झाले. खरं तर माझी गाडी चाळिसाव्या पानावरच अडकली होती. पण सगळेच भारी म्हणतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

हे फक्त माझं नाही. आपण वर्षाला किती पुस्तकं संपवली ते मोजतो, ढिगाचे फोटो टाकतो. पण ‘तुला काय वाटलं?’ असं कुणी विचारलं की मागच्या कव्हरवरची वाक्यं म्हणून दाखवतो. म्हणून यंदा मी ठरवलं, प्रत्येक पुस्तकावर तीनच ओळी लिहायच्या, पण स्वतःच्या. त्यातल्या काही अशा :

कोसला : पुन्हा हातात घेतली. पांडुरंग सांगवीकरच्या हॉस्टेलच्या गमतींवर हसत होते. मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. त्या रात्री पुढे वाचवलं नाही.

बनगरवाडी : छोटंसं पुस्तक. मास्तर, मेंढरं, तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेलं गाव. माडगूळकर गळा काढत नाहीत, म्हणूनच आपल्याला रडू येतं.

स्मृतिचित्रे : १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडल्यासारखा झाला आणि तरी लक्ष्मीबाई टिळक चक्क हसवतात. मला ही बाई आजीसारखी नाही, मैत्रिणीसारखी वाटली.

मृत्युंजय : नाही जमलं. भाषा जड वाटली, अर्ध्यावर सोडलं. हे छापून येणार याची भीती वाटतेय, पण खरं तेच लिहिलंय.

बलुतं : दया पवारांच्या या पुस्तकाला ‘आवडलं’ हा शब्दच चालत नाही. वाचताना आमच्या घरात सहज बोलली जाणारी काही वाक्यं आठवली. आजवर मी ती गप्प बसून ऐकली होती, त्याची लाज वाटली.

या ओळी म्हणजे समीक्षा नाही, हे मान्य. अभ्यासकांचं काम वेगळं आणि ते हवंच. पण मोठ्यांच्या मताआड लपून वाचलं, तर पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘बलुतं’ला मी नुसतं ‘भारी’ म्हटलं असतं, तर घरातली ती वाक्यं तशीच चालू राहिली असती. आता निदान मी टोकते. आईशी एकदा वादही झालाय.

तेव्हा पुढचं पुस्तक संपलं, किंवा अर्ध्यात सुटलं, की वहीत तीन ओळी लिहा. कंटाळा आला असेल तर तसंच लिहा. दोन वर्षांनी ते मत बदललं, तर उत्तमच. पण बदलायला आधी स्वतःचं मत असावं तर लागेल ना!