काचेतला आवाज

'मी रेडिओचे जुने व्हॉल्व्ह जमवतो' असं ऑफिसात सांगून बघा. 'म्हणजे नळाचे?' हा प्रश्न ठरलेला! पण आयटीतल्या पोरांनाही पटेल असा हा छंद आहे, आणि त्याचा माल आपल्या जळगाव-धुळ्याच्या माळ्यांवर पडून असू शकतो.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. आतली तार तापली, की इलेक्ट्रॉन धावतात आणि कमजोर सिग्नल जोरदार होतो. १९२७ मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं, ते याच नळ्यांच्या जिवावर. १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टर आला, तरी साठच्या दशकातही आपल्याकडे व्हॉल्व्हचे सेट वाजत होते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तर १९६१ मध्ये व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. १९२७चा पीस मिळाला तर लॉटरीच. पन्नास-साठच्या दशकातले मात्र शोधले तर सापडतात.

खरी मजा नंबरात आहे. 'ईएल ८४' घ्या. 'ई' म्हणजे तार तापवायला ६.३ व्होल्ट, 'एल' म्हणजे स्पीकर वाजवणारा पॉवर व्हॉल्व्ह. 'ईएम' दिसला, तर तो स्टेशन नीट लागलं की हिरवा पट्टा दाखवणारा 'मॅजिक आय'! आणि 'डी'ने सुरू होणारे १.४ व्होल्टचे व्हॉल्व्ह बॅटरी सेटमधले, जिथे वीज पोचली नव्हती तिथे चालणारे.

हातात घेतलात तर काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. ओल्या फडक्याने पुसू नका, छापलेला नंबरच निघून जातो. आणि जुना सेट हौसेने प्लगला लावू नका. आत २००-२५० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सर झटका देतो.

घाई मात्र करा. घर विकताना असा रेडिओ भंगारात किलोवर जातो. शिवाय कुठल्या सेटला कोणता नंबर चालतो, हे तोंडपाठ असलेले रिपेअरवाले काका आता वयाने थकलेत. पुढच्या सुट्टीत गावी गेलात, की त्यांच्या दुकानात चहाला बसा. डब्यातले व्हॉल्व्ह विकत घ्या आणि ते सांगतील ते वहीत लिहून घ्या.