वंगण आणि कूर्चा

गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा उगवू शकेल, या वार्तेने जिना चढताना कठड्याचा आधार शोधणाऱ्या हजारोंच्या आशा पल्लवित झाल्या असतील, तर त्यात नवल नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे सॅम्युअल स्टप व त्यांचे सहकारी यांनी पेप्टाइड आणि सुधारित हायलुरॉनिक आम्ल यांचे दाट मिश्रण मेंढ्यांच्या सांध्यांतील कूर्चेच्या जखमांत सोडले. सहा महिन्यांत तेथे चांगल्या प्रतीची कूर्चा तयार झाली, असे त्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यवैद्याने १७४३ सालीच लिहून ठेवले होते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून आरंभीची झीज कळतही नाही. या पार्श्वभूमीवर सदर संशोधनाचे मोल मोठे आहे.

परंतु मेंढीची जखम शस्त्रक्रियेने मुद्दाम केलेली असते. माणसाचा सांधा वर्षानुवर्षे झिजतो, सुजतो, वाकडा होतो. त्या सांध्यात हेच द्रव्य काय करील, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. आज आपल्याकडे जे टोचले जाते ते निराळेच. एकेकाळी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढले जाणारे हायलुरॉनिक आम्ल हे निव्वळ वंगण होय. त्याने कूर्चा उगवत नाही. आणि वंगण म्हणून तरी त्याची महती किती? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२२ साली छापलेल्या आढाव्यात, सुमारे नऊ हजार रुग्णांवरील २४ मोठ्या चाचण्यांअंती, लुटुपुटीच्या इंजेक्शनाहून मिळालेला अधिक आराम रुग्णास जाणवू नये इतका अल्प ठरला, गंभीर दुष्परिणाम मात्र अधिक आढळले. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट टोचण्याच्या उपायाची ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, वर्षअखेर मिठाच्या पाण्याच्या तुलनेत दखलपात्र फरक दिसला नाही.

वंगणाला वंगण म्हणून विकणाऱ्याशी आमचे भांडण नाही. थोडाबहुत आराम वाटला म्हणून कोणी पैसे खर्च केले, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण मेंढ्यांवरील यशाचे कात्रण दाखवून ‘कूर्चा वाढेल’ असे आश्वासन देणे ही फसवणूक आहे. तिला बळी पडतो तो प्रामुख्याने चाळिशी-पन्नाशीतला, झीज नुकतीच सुरू झालेला रुग्ण. म्हणजे ज्याला मांडीचे स्नायू बळकट करून आणि वजन उतरवून सर्वांत अधिक लाभ व्हावयाचा, तोच. एक किलो वजन घटले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. या उपायाला विक्रेता नाही, म्हणून जाहिरातही नाही!

सुई टोचण्यापूर्वी द्रव्य कोणते, ते माणसांवर पारखले आहे काय आणि त्याने कूर्चा वाढते की केवळ वेदना शमते, हे रुग्णाच्या हाती मराठीत लेखी देणे सरकारने बंधनकारक करावे. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.