डिकीतले पेढे

२०२४ च्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी, म्हणजे साताऱ्याला गेलो होतो. बाबांची स्कूटर घेऊन बाजारात निघालो तर पोवई नाक्यावर मामांनी (ट्रॅफिकवाल्या, सख्ख्या नव्हे) गाडी बाजूला घ्यायला लावली. पीयूसी दाखवा म्हणाले. डिकी उघडली. वर जुनं फडकं, त्याखाली पाना, त्याखाली कागदांची पिशवी, आणि पिशवीखाली कंदी पेढ्यांचा अर्धा संपलेला बॉक्स. मामांनी पीयूसीकडे कमी आणि बॉक्सकडेच जास्त बघितलं.

आता कुणाच्या डिकीत पेढे सापडले तर त्यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण बाबांना अकरा वर्षांपासून डायबेटीस आहे आणि आमच्या घरच्या समजुतीप्रमाणे त्यांचं गोड तेव्हाच बंद झालेलं होतं. शुगर मात्र दर वेळी जास्तच यायची, आणि आम्ही सगळे 'टेन्शनमुळे असेल' म्हणून गप्प बसायचो.

घरी आलो आणि बॉक्स टेबलावर ठेवला. (हे तेव्हा मला फार बाणेदार वगैरे वाटलं होतं.) बाबांचा बचाव तयार होता, "डॉक्टरांनीच सांगितलंय, शुगर लो झाली तर जवळ गोड काहीतरी असू द्या." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. डायबेटीसच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि तेव्हा साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, असं सांगतात. पण पेढा त्या कामाचा नाही. त्यातल्या खव्यात स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे साखर रक्तात हळू पोचते. हे सगळं मी बाबांना वीस मिनिटं ऐकवलं. आईने शेवट केला, "एवढं वय झालं तरी जिभेवर ताबा नाही." बाबा काही बोलले नाहीत. जेवले, गोळी घेतली आणि झोपायला गेले.

सोमवारी मी पुण्यात, ऑफिसला. दुपारी चारच्या सुमाराला रिलीजचा कॉल चालू होता. कॉल संपल्यावर बघतो तर कीबोर्डशेजारी क्रीम बिस्किटाची दोन रिकामी पाकिटं. दोन्ही मीच खाल्लेली. खाताना लक्षातही आलं नाही. बाबा निदान लपवायचे तरी, म्हणजे आपण खातोय हे त्यांना माहीत होतं!

त्यानंतर महिन्याभरात कंपनीची वार्षिक तपासणी झाली आणि माझं एचबीए१सी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, ६.५ आणि वर गेलं की डायबेटीस. वय सत्तावीस, वजन ६६, शर्ट मीडियम. मित्र म्हणाले, मशीन बिघडलं असेल. पण ते तसं नसतं. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून जाडे, हे आपलं भारतीयांचं खास मॉडेल आहे. म्हणजे 'मला काय होतंय, मी तर काटकुळा' ही पळवाटही गेली. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आणि त्याखेरीज साडेतेरा कोटींना प्रीडायबेटीस. त्या साडेतेरा कोटींत मी एक.

मग मी मला जमतं तेच केलं. प्रॉडक्शनमध्ये काही फाटलं की आधी लॉग बघतो, तसं स्वतःचं लॉगिंग चालू केलं. दोन आठवडे, एक्सेलची साधी शीट. गोड कधी खाल्लं, काय खाल्लं, त्याच्या आधी काय चालू होतं. शीट बघून दोन गोष्टी कळल्या, आणि दोन्ही अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघाल्या.

एक म्हणजे, मी ज्याला 'गोड खाणं' समजत होतो ते त्या शीटमध्ये जवळजवळ नव्हतंच. दोन आठवड्यांत एक गुलाबजाम आणि कुणाच्या तरी बाळाच्या बारशाची बर्फी. बाकी सगळा चहा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी रोजची ४० ग्रॅम साखर नुसती चहातून. वर्षाचे होतात साडेचौदा किलो! एवढी साखर पिशवीत भरून कुणी हातात दिली तर जिना चढताना दम लागेल. शिवाय बिस्किटं, ज्यांच्या वजनात साधारण पाव हिस्सा साखरच असते. डब्ल्यूएचओचं २०१५ चं म्हणणं असं, की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे २००० कॅलरीच्या आहाराला ५० ग्रॅम, आणि ५ टक्के जमलं तर आणखी चांगलं. मी चहा-बिस्किटातच तो कोटा संपवत होतो. आणि आमच्या घरात बोलणी खायची कुणी, तर पुरणपोळीने. ती बिचारी वर्षातून चार वेळा येते.

दुसरी गोष्ट, तल्लफ येण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. दुपारी चार आणि रात्री अकरा. चारची तल्लफ ज्या दिवशी जेवणात नुसता भात-बटाटा असायचा त्या दिवशी हमखास यायची, उसळ किंवा अंडी असली की बऱ्याचदा यायचीच नाही. अकराची तल्लफ भुकेची नव्हतीच. दिवसभर दुसऱ्यांचं काम केलं, आता पाच मिनिटं माझी, असा तिचा एकंदर सूर होता. आणि आदल्या रात्री झोप पाच तासांची झाली असेल तर दोन्ही वेळा काहीही हाताशी लागेल ते गोड तोंडात जायचं. च्यायला, म्हणजे जिभेवर ताबा नाही हे निदानच चुकीचं होतं. जिभेचा संबंध सगळ्यात शेवटी येत होता.

म्हणून माझं ठाम मत झालंय की गोड सोडण्याच्या बाबतीत मनोनिग्रह या प्रकाराला आपण फारच भाव दिलाय. मनोनिग्रह असतो, नाही असं नाही. पण तो सकाळी दहाला भरपूर असतो आणि दुपारी चारला संपलेला असतो. त्याच्या भरवशावर आर्किटेक्चर उभं करू नये. ड्रॉवरमध्ये बिस्किटं नसणं हे ड्रॉवरमधली बिस्किटं न खाण्यापेक्षा हजार पटीने सोपं आहे.

चहाचं मी असं केलं. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी. दोन, दीड, एक, अर्धा, शून्य. पहिले तीन टप्पे विशेष कळले नाहीत. शेवटचा अर्धा चमचा जाताना मात्र आठवडाभर चहा म्हणजे कोमट, तपकिरी शिक्षा होती. मग एक दिवस मशीनचा तयार गोड चहा चुकून प्यायलो आणि तो बासुंदीसारखा लागला. जीभ बदलते. फक्त तिला नोटीस पिरियड द्यावा लागतो. एकदम बंद करणाऱ्यांना मी हात जोडतो. माझ्या टीममधल्या एकाने एक जानेवारीला सगळं बंद केलं आणि चौदाला तिळाच्या वड्यांच्या डब्यासकट सापडला.

गुळाच्या चहाबद्दल एक सांगतो आणि सोडतो. हल्ली जिथे तिथे गुळाच्या चहाच्या पाट्या दिसतात आणि लोक तो औषध असल्यासारखा पितात. चव छान असते, मीही पितो कधीतरी. पण गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच. रक्ताला 'हा आपल्या कोल्हापूरचा' वगैरे कळत नाही. आणि गोडीच्या गोळ्या घालून वजन कमी करायला निघाला असाल, तर डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये त्यासाठी त्या वापरू नका असंच सांगितलंय (डायबेटीस आधीच असलेल्यांना ही सूचना लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं). मधल्या काळात घराघरात 'दीक्षित की दिवेकर' हा सामना रंगला होता. दोनदाच जेवा की थोडं थोडं खा. आमच्याकडे काका एका बाजूला आणि मावशी दुसऱ्या. भांडण रंगात आलं की दोघं गोड चहा घ्यायचे.

पण खरी अडचण पुढे आहे, आणि ती एक्सेलमध्ये मावत नाही. आपली भाषाच साखरेत घोळलेली आहे हो. लग्न ठरलं की साखरपुडा. पहाटेची झोप ती साखरझोप. चांगलं बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडते. मुलाला नोकरी लागली की तोंड गोड करायचं, संक्रांतीला गोड बोलायचं तेही तिळगूळ हातात ठेवून. शिवाय आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच प्रवरेचा, १९५० मध्ये उभा राहिलेला. अशा मुलखात कुणी वाटी पुढे केल्यावर 'नको' म्हणणं म्हणजे नुसता पदार्थ नाकारणं राहत नाही, समोरचं माणूस नाकारल्यासारखं होतं. माझी आत्या श्रीखंड वाढताना म्हणते, "एवढ्याशाने काय होतंय?" आणि ती वाढून गेली की तीच स्वयंपाकघरात आईला म्हणते, "दादाला आवरत जा गं जरा." आग्रह पण आपणच करायचा आणि पहारा पण आपणच ठेवायचा, यात खाणाऱ्याने करायचं काय? तो डिकी शोधतो.

माझा रिपोर्ट मी आधी घरी सांगितलाच नव्हता. मग एका रात्री बाबांना एकट्याला फोन केला. ५.९ म्हटल्यावर ते आधी हसले. (हसायचा हक्क होताच त्यांना.) मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी पण सत्तावीसचा असताना तपासलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा कोण तपासत होतं?" त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी डिकीबद्दल सांगितलं. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी चारला घराबाहेर पडायचे, कोपऱ्यावर गाडी लावायची, डिकी उघडायची, एक पेढा. "उभ्याउभ्या, इकडेतिकडे बघत. चव पण धड कळायची नाही रे."

चार वाजता. माझ्या शीटमध्ये पण चारच!

त्या वाक्याने मी जरा हललो. अकरा वर्षं माणूस पेढे खातोय आणि चव कळत नाही. आम्ही त्यांचं गोड बंद केलं नव्हतं, फक्त त्यातली मजा बंद केली होती. साखर पूर्ण जात होती पोटात.

मग आम्ही दोघांनी मिळून जे ठरवलं ते आईला अजिबात आवडलं नाही. रविवारी जेवण झाल्यावर एक पेढा, ताटलीत, सगळ्यांसमोर, बसून. त्या दिवशी भात कमी. दोन तासांनी मशीनवर शुगर बघायची आणि आकडा वहीत लिहायचा, कितीही आला तरी. आणि आकडा बघून कुणी, म्हणजे मी आणि आई, एक शब्द बोलायचा नाही. हे डॉक्टरांना विचारून केलं, मनाने नाही. त्यांनी पेढ्याला हरकत घेतली नाही, पण दुपारची गोळी बदलली आणि चारला मूठभर भाजलेले हरभरे खायला सांगितले. डिकीत आता ग्लुकोजच्या पावडरीचं पाकीट असतं. ते अजून फोडलेलं नाही.

बाबांचं एचबीए१सी ८.६ वरून साडेसात महिन्यांत ७.७ वर आलंय. यात गोळीचा वाटा किती आणि ताटलीचा किती हे सांगता येणार नाही, दोन बदल एकदम केले की कुठल्याने फरक पडला ते कळत नाही, हे कामावर रोज शिकतो. माझं ५.६. म्हणजे कुंपणाच्या जेमतेम आत.

२०२५ च्या गणपतीत आईने नेहमीप्रमाणे उकडीचे एकवीस मोदक केले. कुणीतरी खजुराच्या बिनसाखरेच्या मोदकाची टूम काढली होती, तिला बाबांनी आणि मी एकमताने विरोध केला. बाबांनी एक खाल्ला, तूप सोडून, डोळे मिटून, दहा मिनिटं लावून. मी दोन. तिसऱ्याला हात गेला तेव्हा बाबाच म्हणाले, "शीटमध्ये लिहिणार आहेस ना?"

घरचा चहा आता म्हणे सगळ्यांचा बिनसाखरेचा असतो. पण रविवारी सकाळी आईच्या हातचा चहा मला पुण्यातल्यापेक्षा किंचित गोड लागतो. मी अजून विचारलेलं नाही. बाबांनी पण नाही.