मात्तिओली : जमा आणि नावे

इटलीतला बँकर आणि संस्कृतीचा आश्रयदाता म्हटले की सहसा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यापाशीच आपण थांबतो. राफाएले मात्तिओली (१८९५-१९७३) हे नाव साहित्याच्या वर्गात क्वचितच ऐकू येते. आमच्या मते ते यायला हवे, निदान जिथे ग्राम्शी शिकवला जातो तिथे तरी.

आब्रुझ्झो प्रांतातल्या वास्तोचे हे गृहस्थ १९२५ मध्ये मिलानच्या ‘बांका कोमेर्चाले इतालियाना’त आले. १९३३ मध्ये बँकेची सूत्रे त्यांच्या हाती आली तेव्हा मंदीच्या तडाख्याने ती कोलमडली होती आणि सरकारी मालकीकडे चालली होती. सरकार मुसोलिनीचे. याच बँकेच्या अभ्यास-विभागात फॅसिस्टविरोधी उगो ला माल्फा यांना नोकरी मिळाली. विभागप्रमुख आंतोनेल्लो जेर्बी ज्यू होते. १९३८ मध्ये वंशविषयक कायदे आले तेव्हा बँकेने त्यांना पेरूला धाडले. नव्या जगाविषयीच्या युरोपीय वादाचा त्यांचा मोठा ग्रंथ (१९५५) त्या वास्तव्याचे फळ होय.

ग्राम्शी १९३७ मध्ये वारला. त्याच्या मेहुणीने, तात्याना शुख्तने, तुरुंगातल्या वह्या सांभाळल्या आणि मॉस्कोला जाईपर्यंत त्या मात्तिओलींच्या बँकेच्या तिजोरीत होत्या, अशी हकिकत सांगितली जाते. तिच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा हे मात्र दोघांचेही मित्र होते आणि ग्राम्शीला तुरुंगात पुस्तके मिळावीत म्हणून मिलानच्या पुस्तकविक्रेत्याकडे त्यांनीच खाते उघडून दिले होते, हे निर्विवाद.

साम्यवाद्याच्या वह्या आणि भांडवलदाराची तिजोरी, या विरोधाभासाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. यांतली दहावी वही बेनेदेत्तो क्रोचे यांच्या तत्त्वज्ञानाशी घातलेला वाद आहे, आणि त्याच क्रोचे यांच्या पाठीशीही मात्तिओली उभे होते. १९३८ मध्ये त्यांनी नेपल्सची रिच्चार्दी ही प्रकाशनसंस्था हाती घेतली. १९४६ मध्ये क्रोचे यांनी नेपल्समध्ये इतिहास-अभ्यासाची संस्था स्थापली तिलाही त्यांचे साहाय्य होते. वादाचा निकाल आपल्या पैशाने लावावा असे या माणसाला वाटले नाही. आश्रयदात्याच्या अंगी हा गुण विरळाच. एरवी देणगीबरोबर मतही पोचते केले जाते.

यावर आक्षेप असा की, हे औदार्य शक्य झाले ते सत्तेशी जमवून घेतल्यामुळेच. हुकूमशाहीच्या मालकीची बँक दहा वर्षे सुरळीत चालवणे हीही त्या सत्तेची सेवाच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. ला माल्फा, जेर्बी यांची नावे घेऊन तो खोडून काढता येत नाही, आणि या आक्षेपाने ती माणसे वाचल्याची गोष्टही पुसली जात नाही. दोन्ही बाबी एकाच खात्यात, एक जमेकडे आणि एक नावे, मांडूनच हे चरित्र वाचावे लागेल. जी चरित्रे पहिलीच बाजू दाखवतात ती आम्हांला बँकेच्या जाहिरातीसारखी वाटतात.

रिच्चार्दीची ‘इटालियन साहित्य : इतिहास आणि संहिता’ ही अभिजात ग्रंथांची मालिका १९५१ मध्ये सुरू झाली. पाठ काटेकोर, टिपा विद्वानांच्या, छपाई देखणी, आणि किंमत अर्थातच विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. आरंभीच्या ग्रंथांत क्रोचे यांच्या निवडक लेखनाचा खंड होता. ग्राम्शीच्या वह्या तोवर तुरीनच्या एइनाउदीकडून छापून बाहेर पडत होत्या.